मध्यम उतार

मातीवाले रजेवरून परत आले आणि बॅग खाली ठेवायच्या आधी माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. उन्हानं त्यांचं नाक सोललं होतं. म्हणाले, "बाई, तुमचा तो मध्यम उतार कुठंय?" मी चष्म्याच्या वरून बघितलं. "नकाशावर आहे," मी म्हणाले. "नकाशावर आहेच हो, जमिनीवर कुठंय ते विचारतोय. आयुष्यभर कागदावर बघितलेली जमीन एकदा पायाखाली घ्यावी म्हणून बायकोला घेऊन गेलो होतो. तुम्ही तिथं अकरा नंबरचा रंग दिलाय. मध्यम उतार, अर्धं पाणी वाहतं, अर्धं मुरतं. जाऊन बघतो तर एका बाजूला हा असा कडा," त्यांनी तळहात उभा धरला, "आणि त्याच्या पायाशी ही अशी परात." तळहात आडवा झाला. "मधे काही नाही. कड्यावरचं पाणी धाडकन खाली, आणि खालचं जागच्या जागी तुंबलेलं. मुरत कुठंच नाही. बायको म्हणते, तुमचा उतार कुणी उचलून नेला का? शेवटी एका टपरीवर चहा प्यायलो आणि परत आलो." ते पोट धरून हसले. मीही हसले. मातीवाल्यांचं आणि माझं तसं बरं आहे, ते माती बघतात, मी उतार बघते, आणि दोघांचीही निवृत्ती जवळ आल्यामुळे एकमेकांच्या चुका काढायला आम्हाला आता भीती वाटत नाही. पण ते आपल्या जागेवर गेले आणि माझं हसू तोंडावर तसंच राहून गेलं. कितीतरी वेळानं ते माझ्या लक्षात आलं आणि मी ते आवरलं.

आमचं काम सांगायला सोपं आहे. आख्खा खंड घ्यायचा आणि तिथली जमीन पाण्याशी कशी वागते यावरून तिचे प्रकार पाडायचे. देश, भाषा, कुठल्या राजानं कुठं हद्द आखली, यातलं काही बघायचं नाही. एवढंच विचारायचं, की इथं पडलेला पाऊस पुढं काय करतो? वाहून जातो, मुरतो, साचतो की उडून जातो? त्यासाठी आम्ही खंडाचे असंख्य लहान लहान पाणलोट केले. पाणलोट म्हणजे जमिनीचा असा तुकडा, की त्यात कुठंही पडलेलं पाणी शेवटी एकाच तोंडातून बाहेर जाणार. प्रत्येक तुकड्याला काही आकडे लावले. जमीन किती उतरती, माती किती पाणी पिते, खालचा खडक किती पिऊ देतो, आभाळ किती देतं आणि ऊन त्यातलं किती परत नेतं. ज्यांचे आकडे सारखे ते सगळे एका रंगात, मग ते तुकडे एकमेकांपासून कितीही लांब असोत. असे वीस रंग. माझी उमेदीची वर्षं यात गेली, आणि उमेद संपल्यानंतरचीही. माणसं विचारतात, कंटाळा नाही येत? कंटाळा कधीच येऊन गेला. आता जे आहे त्याला मी नुसतं दमणं म्हणते. सकाळी उठताना ते माझ्या आधी उठलेलं असतं.

एक गंमत मात्र मी अजून करते. माणसांना नंबर देते. सहा नंबरची जमीन म्हणजे वरची माती भुसभुशीत आणि खाली हातभरावर अखंड खडक. पाणी मुकाट आत जातं, आपल्याला वाटतं खोल गेलं, पण ते खडकाला अडून आडवं सरकत राहतं आणि लांब कुठंतरी भलत्याच ठिकाणी पाझरतं. माझी आई सहा नंबरची होती. सकाळी लागलेलं बोलणं ती गप्प गिळायची आणि संध्याकाळी उतू गेलेल्या दुधावर कडाडायची. आमचे साहेब चौदा नंबर, सपाट प्रदेश आणि चिकणमाती. काहीही सांगा, वरच्या वर साचून राहतं, आत थेंब जात नाही. मातीवाले दोन नंबरचे, वाळूचे, पडलं की गेलं, म्हणून तर त्यांचा चेहरा सदा कोरडा आणि हसरा. स्वतःला आणि नवऱ्याला मात्र मी कधी नंबर दिला नव्हता. का दिला नव्हता, असं आज कोणी विचारलं असतं तर मी म्हणाले असते, घरातल्या गोष्टी ऑफिसात कशाला. पण मातीवाल्यांचे ते दोन तळहात, एक उभा आणि एक आडवा, माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हते. आणि आज संध्याकाळी सात वाजता घरं दाखवणारी बाई आम्ही घेत होतो त्या घराचे कागद सह्यांसाठी घेऊन आमच्याकडे यायची होती.

मी तो तुकडा पडद्यावर काढला. मातीवाले म्हणत होते ते खरंच होतं. अर्धा तुकडा भिंतीसारखा उभा, अर्धा ताटासारखा सपाट. यंत्राला एका तुकड्यासाठी उताराचा एकच आकडा हवा असतो. त्यानं उभ्यात आडवं मिसळलं, दोनानं भागलं, आणि जो उतार त्या जमिनीवर कुठंच नाही तो तिच्या नावावर लावून दिला. चूक म्हणावी तर चूक नाही, हिशेब बरोबर आहे. म्हणून तर ती इतकी वर्षं कोणाला दिसली नाही. मी शेजारचे अकरा नंबरचे तुकडे उघडत गेले. काही खरोखर मध्यम होते, लांब, सुस्त, गवताळ टेकड्या, बघूनच बरं वाटावं अशा. आणि काही असे. बाहेरून ओळखू येत नव्हतं. रंग तोच, नंबर तोच, पण आत एकमेकांकडे पाठ करून बसलेल्या दोन जमिनी. मी साहेबांकडे गेले. ते डबा उघडत होते. मी सांगितलं ते त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, सरासरीला काय धाड भरलीय? सगळं जग सरासरीवर चाललंय. नकाशा पुढच्या आठवड्यात छापायला जायचाय. एक तळटीप टाका आणि मोकळ्या व्हा." मी म्हणाले, "तिथं कोणी नकाशा बघून बंधारा बांधला तर?" "तर तो बांधणारा आधी जागेवर जाऊन बघेल ना? बघायला नको?" साहेब क्वचित बरोबर बोलतात, आणि बोलतात तेव्हा त्यांना ते कळत नाही. मी जागेवर येऊन बसले. जागेवर जाऊन आम्हीही बघितलं होतं की. मागच्याच महिन्यात मी आणि नवरा, आम्ही दोघं ते घर बघायला त्या गावी गेलो होतो.

पण त्या गावाच्या आधी चहा आहे. सगळं तिथून सुरू झालं. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात, खोलीत भांडी मोजकी, शेगडी एकच. तो दोन चमचे साखर घेणारा, मी बिनसाखरेची. दोन पातेली करायची तर गॅस जास्त, घासायला जास्त, आणि मुख्य म्हणजे नवं नवं लग्न, एका पातेल्यातला चहा दोघांनी घेण्यात एक अप्रूप होतं. त्यानं चमचा हातात धरून माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. "एक," तो म्हणाला. "एक," मी म्हणाले. आम्ही इतके हसलो की शेजारच्या बाईंनी भिंतीवर टकटक केली. केवढा सोपा उपाय! आईवडिलांच्या घरी मी रोज बघत आले होते, एक जिंकायचा आणि एक हरायचा, आणि हरलेला पुढचे चार दिवस ताटं आपटायचा. आमच्याकडे कोणी हरणारच नव्हतं. त्याला भिंती निळ्या हव्या होत्या, मला पांढऱ्या. आम्ही असा रंग दिला, की येणारा प्रत्येक जण विचारायचा, भिंतीला ओल आलीय का? खिडकी त्याला उघडी लागते, मला बंद, म्हणून ती अर्धी उघडी, आणि त्या फटीतून नेमकी माझ्या मानेवर हवा यायची आणि त्याला गुदमरायला व्हायचं. त्याला दोन मुलं हवी होती, मला एकही नको होतं.

यातही आम्ही भांडलो नाही. नातेवाइकांत आमचं कौतुक होतं. नव्या जोडप्यांना आमच्याकडे जेवायला पाठवायचे, जरा बघून या म्हणून. तो दात करायचा. म्हणजे दाताचा डॉक्टर नव्हे, डॉक्टर साचे पाठवायचे त्यावरून कवळ्या करणारा. चाळीस वर्षं त्यानं प्लास्टरची पूड हुंगली. त्याच्या धंद्यात एक निळा कागद असतो. तो वरच्या आणि खालच्या दातांत धरून चावायचं, जिथं डाग पडेल तिथं दात उंच आहे असं समजून घासायचं, थोडं वरचं, थोडं खालचं, चावा जुळेपर्यंत. तो म्हणायचा, "एकाच बाजूनं घासत बसलं तर तो दात जातो. दोन्हीकडून थोडं थोडं गेलं की कळतही नाही." हे तो कवळीबद्दल बोलायचा. मला त्याचे हात फार आवडायचे, पांढऱ्या पुडीनं माखलेले, हलके. अजून आवडतात. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून कोणाला वाटेल की प्रेम नव्हतं. प्रेम होतं, आहे, तेवढीच एक गोष्ट आम्ही कधी भागून घेतली नाही.

मुलगी झाली आणि सरासरीचा पहिला पराभव झाला. तिच्यात मधलं काही नव्हतं. रडायची तर मजला डोक्यावर घ्यायची, हसायची तर उचकी लागेपर्यंत. दोघांच्या मधोमध झोपवली तर फिरून आडवी व्हायची आणि दोघांनाही लाथा घालायची. सोळा वर्षांची असताना एकदा जेवताना म्हणाली, "मला कळलंय. बाबांना दोन हवी होती, आईला शून्य. मी म्हणजे तुमची तडजोड." हे तिला कोणी सांगितलं ते आजतागायत कळलेलं नाही. त्याचा घास हातातच राहिला. मी म्हणाले, "तडजोड एवढी पोळी खात नाही," आणि ती फिस्सकन हसली आणि वेळ निभावली. पण त्यानंतर कितीतरी दिवस मी तिच्याकडे चोरून बघायची. माझ्या पोटातून आलेली ही मुलगी, हिच्यात माझं ते 'नको' कुठं आहे? सापडलं नाही. ती झाल्यावर मला ती पूर्ण हवी होती. जन्मात पहिल्यांदा मला काहीतरी पूर्ण हवं झालं होतं आणि त्याची मला भीतीच वाटली.

दुपारी तिचाच फोन आला. "आई, सह्या झाल्या का?" मी म्हणाले, संध्याकाळी. "बाबांचा खोकला?" "आहे तसाच." "डॉक्टर डोंगरावर जा म्हणाले होते ना त्यांना? कोरड्या हवेत?" "हो." "आणि तुला थंडी सोसत नाही, तुला समुद्राकडे जायचं होतं." "हो." "मग त्या गावात का चाललाय? तिथं नुसती गोदामं आहेत." मी म्हणाले, "दोघांच्या सोयीचं आहे." ती म्हणाली, "कुठल्या दोघांच्या?" मी तिला रागवायला हवं होतं. तोंडाशी आलंही होतं. त्याऐवजी मी म्हणाले, साहेबांनी बोलावलंय, आणि फोन ठेवला. साहेब समोर खुर्चीत मान टाकून झोपले होते.

कुठल्या दोघांच्या. ते गाव बरोब्बर मधे आहे. डोंगरावरच्या त्याच्या गावाहून जेवढं लांब तेवढंच समुद्राकाठच्या माझ्या मनातल्या गावाहून. आम्ही पट्टी लावूनच शोधलं होतं, माझ्याच ऑफिसातल्या नकाशावर. घरं दाखवणारी बाई मोठी हौशी. म्हणाली, "इथून डोंगरही जवळ, समुद्रही जवळ," आणि तिनं खिडकी उघडली. आम्ही दोघं खिडकीशी उभे राहिलो. समोर एका गोदामाची लांबलचक पत्र्याची भिंत होती. धूळ होती. तो दोनदा खोकला. खाली फरशीला ओल होती, माझा गुडघा तिथंच ठणकायला लागला. त्यानं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे, आणि मला माहीत होतं आता तो काय म्हणणार. "बरं आहे," तो म्हणाला. "बरं आहे," मी म्हणाले. परत येताना गाडीत तो खिडकीला डोकं टेकून झोपला. छातीतून शिटीसारखा आवाज येत होता. मी तो ऐकत बसले आणि मनात म्हणत राहिले, बरं आहे, बरं आहे. जे घर दोघांनाही मारणार होतं ते आम्ही एकमेकांचं मन राखायला घेत होतो. हे मला तेव्हाही कुठंतरी जाणवत होतं. पण कितीही वर्षं बघितलं तरी आपल्याच घरातली गोष्ट दिसायला दुसऱ्याचे दोन तळहात लागतात.

तसं मी त्याच्याबरोबर डोंगरावर गेले तर? हे मी विचारून बघितलं स्वतःला, प्रामाणिकपणे. त्या हवेत मी हिवाळाभर अंथरुणात असेन. तो गरम पाण्याची पिशवी भरत राहील आणि स्वतःला बोल लावत राहील. आणि तो समुद्राकडे आला, तर त्या दमट हवेत त्याचा दम उखडेल आणि मी लाटा न बघता त्याच्या छातीकडे कान लावून बसेन. मला समुद्र म्हणजे काही फार हवा आहे असंही नाही. पोहता येत नाही, वाळूचा वैताग येतो. मला फक्त अशा जागी जाऊन बसायचंय, जिथं पाणी पोचलेलं असतं. इतकी वर्षं प्रत्येक थेंबाला विचारत आले, आता कुठं? तिथं तो प्रश्न संपतो. एवढंच. हे मी त्याला कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर त्यानं डोंगराचं नाव काढलं नसतं. आणि त्याला डोंगर का हवाय ते मी कधी विचारलं नाही. डॉक्टरनं सांगितलं म्हणून, एवढ्यावर मी थांबले. आपण इतक्या समजूतदारपणे वागतो की एकमेकांचं ऐकायचं राहूनच जातं, असं माझ्या मनात आलं आणि मला एकदम रडू फुटेल असं वाटलं. मी मातीवाल्यांकडे त्यांच्या बडीशेपेची डबी मागितली.

ऑफिसातून चालतच घरी निघाले. गुडघा कुरकुरत होता, पण गाडीत बसले असते तर लवकर पोचले असते. कोपऱ्यावरच्या न्हाव्यानं दुकान धुतलं आणि बादलीतलं उरलेलं पाणी रस्त्याच्या मधोमध फेकलं. मी थांबले. ही माझी जुनी खोड आहे, कुठंही पाणी सांडलं की बघायचं. रस्ता मधे जरासा उंच असतो, चालताना कळत नाही. पाणी क्षणभर तिथंच थबकलं, मग त्याच्या दोन धारा झाल्या, एक इकडच्या गटाराकडे गेली, एक तिकडच्या. न्हावी म्हणाला, "काय बघताय बाई? काही पडलं का?" मी म्हणाले, काही नाही. नकाशावरून संसाराचे धडे काढत बसायला मी काही प्रवचनं देणारी नाही. पाणी आहे, ते उतार बघून जाणार. पण तेवढं चालेपर्यंत मला काय बोलायचंय ते ठरलं होतं.

तो सोफ्यावर बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून, सह्यांसाठी. पेन टेबलावर काढून ठेवलं होतं. मी पर्स ठेवली आणि चपला न काढताच म्हणाले, "मला ते घर नको."

"का? काय झालं?"

"काही नाही झालं. नको."

तो विचारात पडला. त्याचा हात आपोआप गुडघ्यावर फिरायला लागला, दात घासताना फिरायचा तसा. "मग जरा अलीकडचं बघू," तो म्हणाला. "समुद्राच्या बाजूला थोडं सरकू. किंवा असं करू, तुला—"

"मधलं नको मला. कुठलंच." माझा आवाज चढला आणि आम्ही दोघंही दचकलो. मी त्याच्या शेजारी बसले. "तू डोंगरावर जा. मी समुद्राकडे जाते."

त्यानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला. "आपलं भांडण झालंय का?" त्यानं विचारलं. खरंच विचारलं. त्याला वाटलं असावं, झालं असेल आणि आपल्याच लक्षात आलं नसेल.

"नाही रे."

"मग लोकांना काय सांगायचं? भांडण न होता कोणी वेगळं राहतं का?"

"सांगू, याला खोकला आहे आणि हिला गुडघे आहेत."

तो हसला नाही. म्हणाला, "रात्री कडी लावलीय का, ते तू मला दोनदा बघायला पाठवतेस. तिथं कोण बघणार?"

"मीच दोनदा बघेन."

"आणि माझी औषधं?"

"डबी भरून देईन. तू फोन करायचास, मी विचारायचं, घेतलीस का."

"मी खोटं सांगेन."

"माहितीय."

मग मी त्याला विचारलं, जे इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं. "तुला डोंगर का हवाय? डॉक्टरचं सोड." तो समोरच्या भिंतीकडे बघत राहिला, त्या ओल आल्यासारख्या दिसणाऱ्या भिंतीकडे. म्हणाला, "लहानपणी तिथं सकाळी ढग आमच्या खाली असायचे. आई म्हणायची, बघ, आपल्याला अजून कशानंही भिजवलेलं नाही. मला ते एकदा परत बघायचंय." मग म्हणाला, "हे ऐकलं असतंस तर तू आली असतीस. म्हणून नाही बोललो." मी त्याचा हात धरला. तो हलका हात. डोळ्यांत आलेलं पाणी मी पुसलं नाही, त्यानंही पुसलं नाही. मला वाटलं, आता आमच्यातला एक जण म्हणेल, चल, मग मी येते, मी येतो, आणि सगळं परत जागेवर बसेल. मी म्हणणारच होते. ओठ उघडलेही होते. आणि बेल वाजली.

तो उठला. दार त्यानं अर्धंच उघडलं. घरं दाखवणाऱ्या बाईचा उत्साही आवाज आला, कागद, मुहूर्त, असं काहीतरी. जन्मभर कोणालाही नाही न म्हटलेला हा माणूस, दारावर आलेला विक्रेता दोन साबण घ्या म्हणाला तर एक घेऊन त्याला परत पाठवणारा. मी ऐकत होते. "नको," तो म्हणाला. ती काहीतरी म्हणाली. "नाही, विचार करून सांगतो असं नाही. नकोच आहे. तुम्हाला हेलपाटा पडला, माफ करा." आणि त्यानं दार लावून घेतलं, आणि सवयीनं कडी घातली, आणि ती नीट बसलीय का ते ओढून बघितलं.

मग तो स्वयंपाकघरात गेला. मी तिथंच बसून राहिले. उद्या ऑफिसात जाऊन ते सगळे तुकडे मधून फोडायला हवेत, असं कुठंतरी मनात चाललं होतं. कडा वेगळा, परात वेगळी. साहेब ओरडतील, नकाशा लांबणीवर पडेल, पडू दे. आतून भांड्यांचा आवाज येत होता. एक पातेलं ठेवल्याचा आवाज मी रोज ऐकते, तो आला. मग फळीवरचं काहीतरी हलवल्याचा, आणि मग दुसरं पातेलं ठेवल्याचा. दुसरी शेगडी पेटली. मी डोळे मिटून घेतले.

त्यानं दोन कप आणून टेबलावर ठेवले. एक माझ्यापुढं सरकवला. "यात साखर नाही," तो म्हणाला. "माझ्यात दोन आहेत." मी कप उचलून एक घोट घेतला. इतका कडू लागला की माझ्या कपाळाला आठ्या पडल्या. मला वाटत होतं, एवढी वर्षं मी याच चवीसाठी झुरत होते. मी त्याच्याकडे बघितलं. त्यानंही एक घोट घेऊन कप खाली ठेवला होता आणि तोंड असं केलं होतं, जसं कोणी पाकच पाजलाय.

"गोड झालाय का?" मी विचारलं.

"फार. तुझा?"

"कडू."

दोन्ही कपांमधे वीतभर अंतर होतं. आत ओट्यावर रिकामी पातेली होती. एकात दोन्ही ओतायचा अवकाश, आमचा चहा तयार झाला असता. तो पातेल्याकडे बघत होता, मीही बघत होते. मग त्यानं आपला कप उचलला. मी माझा उचलला, आणि आम्ही तो चहा सगळा प्यायलो.